काचेच्या टाउनशिपमधील लोकसंख्येचा प्रश्न

घरगुती मत्स्यालयात पाळल्या जाणाऱ्या गोड्या पाण्याच्या माशांचे, संगोपनाच्या दृष्टीने, दोन ठळक वर्ग पडतात. पहिला वर्ग एकट्याने राहू इच्छिणाऱ्यांचा. बाजारात 'फायटर' या नावाने मिळणारा सियामी मासा त्याचा म्होरक्या असून त्याला दुसऱ्या फायटरचे तोंडच काय, आरशातले स्वतःचे तोंडही पाहवत नाही. दुसरा वर्ग एकटेपण बाधणाऱ्यांचा. निऑन टेट्रा, झेब्रा, टायगर बार्ब, रोझी बार्ब ही मंडळी त्यात मोडतात, आणि त्यांना आपल्याच जातीचे निदान पाच सोबती, म्हणजे स्वतःला धरून सहा जण, लागतात, असे मत्स्यपालनाची बहुतेक पुस्तके सांगतात. छत्तीसगडमधील भिलाईच्या बाजारात मात्र हे दोन्ही वर्ग, आणि ज्याविषयी दुकानदारही ठामपणे काही सांगू शकत नाही असा तिसरा वर्ग, एकाच मापाने विकले जातात, आणि ते माप म्हणजे जोडी.

जोडीचा भाव, जोडीची पिशवी आणि जोडीने दिलेला 'सांभाळून न्या' हा आशीर्वाद, अशी ही व्यवस्था देशभर रूढ आहे. तिचा उगम प्राणिशास्त्रात शोधणे व्यर्थ होय, कारण पिशवीत हिंदकळणाऱ्या निऑनमध्ये नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखणे जवळजवळ अशक्य असल्याने पुष्कळ जोड्या दोन नरांच्या किंवा दोन माद्यांच्याच निघतात. तरीही त्यांच्याकडून संसाराची अपेक्षा ठेवली जाते आणि ती फळास आली नाही की पाण्याला दोष दिला जातो. जोडीच्या या मापाला चौघांच्या कुटुंबाची लोकशाही येऊन मिळते तेव्हा प्रश्न गंभीर होतो. वडिलांना टायगर बार्ब रुबाबदार वाटतात, आईला एंजल आवडतो, मुलगी निऑनवर अडून बसते, मुलाला झेब्रा हवा असतो, आणि प्रत्येकाच्या मताचा मान राखून घरी येतात ते चार जातींचे आठ मासे. शिवाय काच चाटून साफ ठेवील या आशेने घेतलेला एक 'सकर', जो मोठा झाल्यावर काचेकडे ढुंकूनही पाहत नाही.

दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद व उंच अशी टाकी, जिच्यात काठोकाठ सुमारे ५५ लिटर पाणी मावते, टीव्हीशेजारी मांडली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातले सर्वजण तिच्यासमोर बसतात तेव्हा दृश्य असे असते: प्लास्टिकच्या किल्ल्यामागे एक निऑन, फिल्टरच्या नळीमागे दुसरा, दोघांनाही एकमेकांचा ठावठिकाणा नाही, दोन झेब्रा पृष्ठभागाखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालत आहेत आणि वळताना दर वेळी दचकत आहेत, आणि दोन टायगर बार्बांनी एंजलच्या लांब, झालरीसारख्या परांच्या टोकांची चव घेण्यास प्रारंभ केला आहे. दुकानातल्या टाकीत याच माशांचा निळा-तांबडा झगमगाट एकसंध वळत होता आणि त्यालाच भुलून पैसे मोजले होते. तो झगमगाट शेकड्याने होता व पिशवीत दोनच्या हिशेबाने आला, हा तपशील त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलेला नसतो.

थव्याने राहण्याचे अभ्यासक दोन प्रकार मानतात. केवळ सोबतीसाठी जवळपास वावरणे, ज्याला शोलिंग म्हणतात, तो सैल प्रकार; आणि सर्वांनी एकाच दिशेला तोंड करून, एकमेकांत ठरावीक अंतर राखून, एकाच वेगाने पोहणे, म्हणजे स्कूलिंग, हा कडक शिस्तीचा प्रकार. झेब्रा दिवसाचा बराच काळ पहिल्या प्रकारात घालवतो आणि काचेवर टिचकी पडताच दुसऱ्यात शिरतो. ही शिस्त पाळण्यासाठी त्याला डोळ्यांचा उपयोग होतो तसाच पार्श्वरेखेचाही. पार्श्वरेखा म्हणजे माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांपासून शेपटीकडे गेलेली संवेदनशील पेशींची ओळ, जिच्यामुळे शेजारच्याने पाणी किती हलवले ते त्याच्याकडे न पाहता समजते. शेजारी काय चालले आहे हे न पाहता ओळखण्याची अशी सोय निसर्गाने माणसाला दिलेली नाही, आणि टाउनशिपच्या क्वार्टरांमधील सामाईक भिंतींनी ही उणीव बव्हंशी भरून काढली आहे.

वास्तविक भिलाईइतके थव्याचे महत्त्व जाणणारे गाव विरळा. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, आणि मधल्या व पुढच्या काळात देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येऊन सेक्टरवार वसली. या वस्तीला 'मिनी इंडिया' म्हणण्याचा प्रघात तेव्हापासून आजतागायत चालू आहे. (याच राजेंद्रबाबूंनी १९५१ मध्ये मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचेही उद्घाटन केले होते, तेव्हा मासे आणि पोलाद यांना एकाच हाताचा गुण लाभला असे म्हणावयास हरकत नाही.) वेगवेगळ्या जातींचे मासे गुण्यागोविंदाने एकत्र राहावेत म्हणून रचलेल्या टाकीला या छंदात 'कम्युनिटी टँक' म्हणतात, आणि भिलाई ही त्या अर्थाने कम्युनिटी टँकच होय. मात्र येथे आलेल्या एकाही समाजाने दोन कुटुंबांवर भागवले नाही. बंगाल्यांनी कालीबाडी उभारली, मल्याळी मंडळींनी अय्यप्पाचे मंदिर बांधले, तेलुगू भाषिकांनी बालाजीला आणले, आणि नागपूर, अमरावती, वर्ध्याकडून आलेल्या मराठी माणसांनी, जिथे सहा घरे जमली तिथे गणपती बसवला व सातवे घर आल्यावर कार्यकारिणीत फूट पाडली. दोन घरांत आरती होते, मंडळ होत नाही, हे या माणसांना अनुभवाने माहीत आहे. पण तीच माणसे मासे घ्यायला गेली की 'प्रत्येकी दोन-दोन द्या' असे म्हणतात.

मंडळ का लागते, याची उपपत्ती शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या अंगांनी मांडली आहे. विल्यम डोनाल्ड हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९७१ साली 'स्वार्थी कळप' ही कल्पना मांडली. तिचा मथितार्थ असा की कळपातला प्रत्येक प्राणी शिकारी आणि स्वतः यांच्यामध्ये दुसरा कोणीतरी यावा म्हणून धडपडतो आणि त्या धडपडीतूनच घट्ट थवा तयार होतो, म्हणजे बाहेरून जी एकजूट दिसते ती आतून प्रत्येकाने दुसऱ्याच्या आड लपण्याचा केलेला प्रयत्न असते. सहकारी संस्थांच्या अभ्यासकांना यात नवे काही आढळणार नाही. परंतु हा सिद्धांत दोन माशांना लावून पाहिला की जोडीची अडचण स्पष्ट होते: आड लपायला प्रत्येकाजवळ एकच आधार, तो आधारही त्याच उद्योगात, आणि परिणामी दोघेही एकमेकांच्या मागे जाण्यासाठी किल्ल्याभोवती गोल फिरत राहतात, ज्याला घरातील मंडळी कौतुकाने 'खेळतायत' असे म्हणतात.

राडाकोव्ह या सोव्हिएत मत्स्यशास्त्रज्ञाचा थव्यांवरील ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. थव्याच्या एका कडेला एखादा मासा दचकला तर ते दचकणे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात, कोणताही एक मासा पोहू शकेल त्यापेक्षा अधिक वेगाने, थव्याच्या दुसऱ्या कडेला पोहोचते, असे त्यात दाखवले असून या प्रकाराला त्याने उत्तेजनाची लाट असे नाव दिले आहे. बोनसचा आकडा जाहीर होण्याआधीच सर्व सेक्टरांत पोहोचलेला असतो, हे पाहिलेल्या वाचकास अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही. पुढे १९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने 'बॉइड्स' नावाचे कृत्रिम थवे पडद्यावर उडवून दाखवले आणि त्यासाठी त्याला तीनच नियम पुरले: शेजाऱ्याला धक्का लागू देऊ नये, शेजारी ज्या दिशेला चालले आहेत ती दिशा धरावी, आणि घोळक्याच्या मध्याकडे सरकत राहावे. यांतला तिसरा नियम दोघांना पाळताच येत नाही. दोघांचा मध्य म्हणजे त्यांच्यामधली रिकामी जागा, आणि तिच्याकडे दोघेही सरकले तर पहिला नियम मोडतो.

टायगर बार्बाचे प्रकरण स्वतंत्र विचारास पात्र आहे. सुमात्रा व बोर्निओ हा मुलूख असलेला, अंगावर चार काळे पट्टे मिरवणारा हा मासा दुसऱ्यांचे पर कुरतडण्यासाठी बदनाम आहे, आणि मैत्री बाग या भिलाईच्या प्राणिसंग्रहालयातले सुप्रसिद्ध पांढरे वाघ जरी गजांआड ठेवले जात असले तरी हे वाघ थेट एंजलच्या शेजारी सोडले जातात. गंमत अशी की बार्बांची संख्या दोनावरून आठ-दहावर नेली की ही खोड पुष्कळ कमी होते. कारण त्यांना आपसातच मान, जागा आणि अग्रक्रम यांवरून दिवसभर पाठलाग करायला माणसे, म्हणजे मासे, मिळतात, आणि अंतर्गत राजकारणात गुंतलेल्या समाजाला शेजाऱ्याकडे लक्ष द्यायला फुरसत उरत नाही. निवडणुकीच्या वर्षी मंडळाचे कार्यकर्ते शेजारच्या मंडळाच्या लाउडस्पीकरविषयी तक्रार करीत नाहीत, यामागील तत्त्व हेच असावे. तात्पर्य, गुंड कमी करण्याचा उपाय म्हणून गुंड वाढवणे, हे सूत्र जे अन्यत्र कोठेही सुचवण्यासारखे नाही ते टायगर बार्बाच्या बाबतीत खरे ठरते. अर्थात ५५ लिटरांत आठ बार्ब आणि एंजल दोन्ही ठेवणे शहाणपणाचे नव्हे, आणि एंजलही दिसतो तितका सोज्वळ नसल्याने, वयात आल्यावर तो निऑनची संख्या दोनावरून शून्यावर आणून मुलीच्या मताचा निकाल लावतो.

पाण्याविषयी थोडक्यात सांगणे पुरे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच असते. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य असते व आठवड्याला थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. या साखळीला नायट्रोजन चक्र म्हणतात आणि ती नव्या टाकीत नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हे कामगार तिन्ही पाळ्यांत, विनाओव्हरटाइम, फिल्टरच्या स्पंजात राबत असतात, आणि रविवारी घरातील कर्ता पुरुष तो काळपट स्पंज पाहून शरमतो, क्लोरीनयुक्त नळाखाली धरून तो पिवळाधमक होईपर्यंत पिळतो, गोटे घासतो, सगळे पाणी बदलतो आणि टाकी चकाचक करतो. म्हणजेच संपूर्ण मनुष्यबळाची एका सकाळी हकालपट्टी करतो. बुधवारी मासे वर येऊन धापा टाकू लागले की नजर लागली असे अनुमान निघते व निळे औषध आणले जाते. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळावा आणि पाणी एक चतुर्थांशाहून अधिक एका वेळी बदलू नये, ही सूचना सोपी आहे, परंतु स्वच्छतेच्या संस्कारांविरुद्ध जात असल्यामुळे ती मराठी घरात टिकत नाही.

उन्हाळा हा मात्र विस्ताराने मांडण्याचा विषय होय. मे महिन्यात भिलाईचा पारा ४४ अंशांपलीकडे जातो, भिंती रात्रीही तापलेल्या असतात, आणि ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातल्या, झाडांच्या सावलीतील थंड, काळसर ओढ्यांतून आलेल्या निऑन टेट्राला २१ ते २५ अंश मानवतात. या माशाला १९३६ साली मायर्स या शास्त्रज्ञाने नाव दिले ते फिलाडेल्फियाचे प्रकाशक इनेस यांच्या सन्मानार्थ. नाव देताना छत्तीसगडच्या मे महिन्याचा विचार झाला नव्हता. शिवाय पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो तर ३० अंशांना साडेसातच, आणि नेमक्या त्याच वेळी माशाची भूक व श्वासाची निकड वाढलेली असते. यावर कूलरच्या वाऱ्यात टाकी ठेवणे हा उपाय बऱ्याच घरांत होतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. पृष्ठभागावर पंख्याचा वारा फिरला की पाण्याची वाफ होऊन टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. पण खोलीत कूलर एकच, आणि त्याचे तोंड आजोबांच्या खाटेकडे फिरवावे की निऑनकडे, या प्रश्नावर ज्या घरात चर्चा झाली त्या घरातले आजोबा पुढे बरेच दिवस माशांना दाणे घालीत नाहीत. मग कोणीतरी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून टाकीत तरंगत सोडतो, तापमान एकाएकी खाली येते, आणि उष्म्याने जे साधले नव्हते ते अंगावर पांढरे ठिपके उठवणारा रोग साधतो, कारण तो रोग आणणाऱ्या परोपजीवीला अशक्त झालेला मासा फार आवडतो.

कूलरचा उल्लेख आला म्हणून हेही नोंदवणे उचित की भारतात गप्पी माशाचे आगमन विसाव्या शतकाच्या प्रारंभी आणि गॅम्बुसियाचे १९२८ मध्ये झाले ते डासांच्या अळ्या खाण्यासाठी, शोभेसाठी नव्हे. त्यामुळे घरातला सर्वांत कष्टाळू मासा बहुधा टीव्हीशेजारच्या रोषणाईत नसून कूलरच्या टाकीत असतो.

एवढ्या खटाटोपात झेब्रा मात्र मजेत असतो. भिलाईसाठी याहून योग्य मासा सुचवणे कठीण आहे. हा मूळचा भारतीय उपखंडाचाच; ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतले डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याचे शास्त्रीय वर्णन केले (थव्याचा स्वार्थ शोधणारे हॅमिल्टन वेगळे; माशांना हॅमिल्टन आडनावाचे वावडे नसावे). संथ ओढे, डबकी आणि भातखाचरांच्या कडेचे उथळ, चांगलेच तापणारे पाणी ही त्याची नैसर्गिक वस्ती, आणि 'धान का कटोरा' म्हणवणाऱ्या प्रदेशात हा भातखाचरातला मासा हावडा-मुंबई मार्गावरील गाडीने, प्राणवायू भरलेल्या पिशवीतून, शहरी पाहुण्यासारखा येऊन उतरतो. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत प्रतिष्ठा मिळवून दिली, १९८१ साली त्याची हुबेहूब प्रत काढून दाखवली, आणि २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात भाऊबंद आहेत असे आढळले. उरलेल्या ३० टक्क्यांत जोडीने खरेदी करण्याचे जनुक असावे, असा तर्क करता येतो. असे असूनही दुकानात हा सर्वांत स्वस्त, म्हणून 'साधा' मानला जातो, आणि सहा झेब्रांच्या किमतीत मिळणारी एखाद्या नाजूक परदेशी माशाची एक जोडी पाहुण्यांसमोर अधिक शोभते.

संख्येच्या प्रश्नात शास्त्राच्या मदतीला अनपेक्षितपणे धावून येते ते वास्तुशास्त्राचे बाजारी रूप. ईशान्येला किंवा उत्तरेला टाकी ठेवून तिच्यात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे सोडल्यास लक्ष्मी टिकते व काळा मासा घरावरचे संकट स्वतःवर घेतो, असे सांगितले जाते. जोडीच्या जाचातून माशांना सोडवणारी ही एकमेव लोकमान्य समजूत होय. दुर्दैव इतकेच की ती गोल्डफिशसाठी सांगितली जाते, जो हाताएवढा वाढतो व नऊ जणांत ५५ लिटर पाण्याची वाट लावतो, आणि ज्यांना नऊची खरी गरज आहे त्या निऑनच्या नशिबी सोनेरी रंग नाही. काळा मासा वारंवार मरतो हे संकट टळल्याचे लक्षण मानले जात असल्याने अमोनिया मोजण्याची गरज कोणास वाटत नाही.

रात्रीच्या बाबतीत एक गैरसमज दूर करावयास हवा. निऑनच्या अंगावरची निळी रेघ रंगद्रव्याची नसून त्वचेतल्या पेशींत रचलेल्या सूक्ष्म स्फटिकपट्ट्यांवरून प्रकाश परावर्तित झाल्याने दिसते, आणि अंधारात त्या पट्ट्यांची मांडणी बदलून रेघ जांभळट, विटकी पडते. पहाटे फर्स्ट शिफ्टसाठी उठलेल्या माणसाने दिवा लावला की त्याला टाकीत रंग उडालेले, निश्चल तरंगणारे मासे दिसतात. तो घर जागे करतो, एअर पंप तपासतो, दुकानदाराला बोल लावतो, आणि हे सर्व आटोपेपर्यंत मासे जागे होऊन पुन्हा निळे झालेले असल्यामुळे त्याच्या बोलण्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

संगोपनाची खरी कसोटी कुटुंब नागपूरला लग्नाला निघते तेव्हा लागते. निरोगी, वाढ झालेले मासे आठवडाभर उपाशी राहिले तर त्यांचे काही बिघडत नाही, उलट पाणी स्वच्छ राहते, ही गोष्ट पुस्तकांत ठळक छापलेली असते. तरीही उपाशी ठेवून जाणे हे पाप असल्याने किल्ली शेजारी दिली जाते, सात दिवसांच्या सात पुड्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून त्यांवर वार लिहिले जातात, आणि शेजारीण 'भाभी, चिंता मत करो' असे सांगून जबाबदारी स्वीकारते. मासे काचेजवळ येऊन तोंड उघड-मीट करतात, ते श्वासासाठी असते. शेजारणीला ती याचना वाटते. सोमवारची पुडी सोमवारी सकाळी संपते, मंगळवारची सोमवारी संध्याकाळी, शनिवारची बुधवारी, आणि त्यानंतर तिच्या घरचा मुर्रा, म्हणजे मुरमुरे, बोटांनी चुरून, मोठ्या मायेने घातला जातो. कुटुंब परतते तेव्हा पाणी ताकासारखे झालेले असते आणि स्पंजाला मुरमुऱ्यांचे जाड कातडे आलेले असते. त्यावर शेजारणीचे म्हणणे असे की बिचारे फार भुकेले होते, आता अंगाने भरले आहेत; आणि माशांना तराजूत घालणे शक्य नसल्यामुळे हे विधान, चहा घेता घेता, मान्य करावे लागते.